परदेशात नव्याने आलेल्या संशोधकासाठी: इथल्या ओळखी आणि मायदेशाचा धागा

परदेशातल्या लॅबमध्ये रुजू होऊन दोन-तीन महिने झाले की काम मार्गी लागतं, घर मिळतं, बँकेचं खातं उघडतं. मग एका संध्याकाळी लक्षात येतं की या शहरात आपल्या कामाबद्दल बोलायला बॉसशिवाय कोणी नाही. त्याच सुमारास मायदेशातून येणारे मेसेजही विरळ झालेले असतात. माझं तसंच झालं होतं. पहिली दोन वर्षं मी मान खाली घालून प्रयोग केले आणि त्यालाच मेहनत समजले. करार संपत आला, नव्या जागेच्या अर्जाला तीन शिफारसपत्रं हवी होती आणि माझ्याकडे नाव होतं एकच. त्यानंतर जे उशिरा शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. नुकते आला असाल किंवा निघायच्या तयारीत असाल तर उपयोगी पडेल.

'नेटवर्किंग' या शब्दाचा मला अजूनही कंटाळा येतो. हातात कप धरून अनोळखी माणसांपुढे हसत उभं राहायचं, असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात गरज असते ती आपल्या गैरहजेरीत आपल्या कामाबद्दल चार वाक्यं नेमकी सांगू शकतील अशा आठ-दहा माणसांची. त्यातली निम्मी तुम्ही आहात त्या देशात असावीत आणि निम्मी मायदेशात.

१. निघण्याआधी

आधी कंटाळवाणी कामं उरका. संस्था सोडली की तिथला ईमेल काही दिवसांत बंद होतो आणि तुमच्या छापील पेपरांवर तोच पत्ता असतो. म्हणून कायमचा एक खासगी पत्ता ठेवा आणि ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाची स्वतःची ओळख सांगणारा क्रमांक, काढा. हा १६ अंकी क्रमांक २०१२ पासून मिळतो, फुकट मिळतो आणि संस्था, देश किंवा आडनाव बदललं तरी तोच राहतो. नावाचं स्पेलिंग दोन पेपरांत दोन प्रकारे छापलं गेलं असेल, तर त्याची किंमत लगेच कळेल. ऑर्किडच्या खात्याला खासगी ईमेल जोडायला विसरू नका. केवळ संस्थेचाच पत्ता दिलेले लोक पासवर्ड विसरले की बाहेरच अडकतात.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं. गाइडसोबत एक शेवटची बैठक घ्या आणि अर्धवट राहिलेल्या प्रत्येक कामाचं एका पानावर टिपण करा: डेटा कुठल्या ड्राइव्हवर आहे, नमुने कुठल्या फ्रीझरच्या कुठल्या रॅकमध्ये आहेत, पेपर कोण लिहिणार, लेखकांचा क्रम काय. लोक हे ओझं समजून टाळतात. माझ्या मते मायदेशाशी जोडणारा पहिला खरा दोर हाच. अर्धा पेपर असेल तर महिन्यातून एकदा बोलायला कारण असतं. काहीच अर्धवट न ठेवता निघालात तर सहा महिन्यांनी फोन करताना काय बोलायचं हेच सुचत नाही.

२. पहिले तीन महिने

प्राध्यापकांच्या मागे धावू नका. इमारतीत सगळ्यांत जास्त माणसं ओळखते ती लॅब मॅनेजर, आणि तिच्या खालोखाल मायक्रोस्कोप किंवा सीक्वेन्सिंग सुविधा सांभाळणारा तंत्रज्ञ. कोणाकडे कुठलं यंत्र रिकामं असतं, कोणाचा विद्यार्थी तुमच्यासारख्याच प्रश्नावर अडकलाय, हे त्यांना ठाऊक असतं. यंत्राचं बुकिंग वेळेवर करा, वापरून झाल्यावर जागा पुसून ठेवा, बिघाड झाला तर लपवू नका. एवढ्यावर त्यांच्याशी चांगलं जमतं, आणि 'अमक्या मजल्यावरच्या तमक्याला भेट' हे वाक्य त्यांच्याकडूनच ऐकायला मिळतं.

या दूरच्या ओळखींचा उपयोग का होतो, याचा अभ्यास झालेला आहे. मार्क ग्रानोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडलं की नोकरीची खबर बहुतेकदा जवळच्या मित्राकडून येत नाही, अधूनमधून भेटणाऱ्याकडून येते. कारण सरळ आहे: रोजच्या मित्राला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सभासदांवर केलेल्या प्रयोगांतही फार घट्ट आणि फार विरळ या दोन्हींच्या मधल्या ओळखी नोकरी बदलताना सर्वांत उपयोगी ठरल्या. शेजारच्या लॅबमधला, आठवड्यातून एकदा कॉफीच्या रांगेत भेटणारा माणूस नेमका त्या मधल्या पट्ट्यातला.

संस्थेत पोस्टडॉकांची, म्हणजे पीएचडीनंतर कराराने संशोधन करणाऱ्यांची, संघटना असेल तर तिच्या यादीत नाव घाला. युरोपात असाल तर युरॅक्सेस या संशोधकांसाठीच्या युरोपीय जाळ्याची केंद्रं व्हिसा, विमा, घर यांत मदत करतात, आणि तिथे तुमच्यासारखेच नवखे भेटतात.

३. आपल्या देशाच्या लोकांचा गट: जावं की नाही?

जावं. मात्र तिथेच मुक्काम ठोकू नये. मी दोन्ही टोकं पाहिली आहेत. काही जण आपल्या भाषेच्या गटाबाहेर पाच वर्षांत पडले नाहीत. काही जण देशबांधव दिसला की रस्ता बदलत, आणि व्हिसाचा घोळ झाला तेव्हा ज्यांना कालपर्यंत टाळलं त्यांच्याच दारात उभे राहिले.

बऱ्याच देशांच्या शास्त्रज्ञांनी परदेशात रीतसर संघटना बांधल्या आहेत. अमेरिकेतल्या कोरियन शास्त्रज्ञ-अभियंत्यांची संघटना १९७१ पासून आहे. उत्तर अमेरिकेतल्या जर्मन संशोधकांसाठी 'गेन' हे जाळं २००३ मध्ये सुरू झालं. ब्रिटनमधल्या आणि अमेरिकेतल्या स्पॅनिश शास्त्रज्ञांच्या वेगवेगळ्या संघटना आहेत. कोलंबियाने १९९१ मध्ये 'काल्दास' नावाचं जाळं उभारलं. अर्जेंटिनाच्या परदेशस्थ संशोधकांच्या कार्यक्रमाचं लघुरूप 'राईसेस' होतं, स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'मुळं', आणि २००८ मध्ये कायदा करून तिथल्या सरकारने तो कायमचं धोरण म्हणून स्वीकारला. नाव इतकं नेमकं जुळलं की मला दर वेळी हेवा वाटतो.

संघटना कामाची आहे की नुसती फोटोपुरती, हे ओळखायला मी एकच बघते: गेल्या वर्षभरात त्यांनी विद्यार्थ्यांसाठी काय केलं? मॉक इंटरव्ह्यू, अर्ज तपासून देणं, प्रवासखर्चाला छोटी मदत, असलं काही दिसलं तर ती जिवंत आहे. प्रत्येक पानावर फक्त पाहुणे आणि पुष्पगुच्छ दिसले तर एकदा जाऊन या आणि पुढे वेळ घालवू नका. जिवंत संघटनेत शिरायचं तर काम मागून शिरा. वक्त्यांना मेल पाठवायचं काम कोणालाच नको असतं, ते घ्या. सहा महिन्यांत पन्नासेक शास्त्रज्ञांशी तुमचा पत्रव्यवहार झालेला असतो आणि प्रत्येकाने तुम्हाला उत्तर दिलेलं असतं.

४. अनोळखी शास्त्रज्ञाला मेल

इथे थोडं थांबते, कारण सर्वाधिक चुका इथेच होतात. नवख्याचा पहिला मेल साधारण असा असतो: 'मला आपल्या संशोधनात अतिशय रस आहे. आपलं मार्गदर्शन लाभलं तर मी कृतज्ञ राहीन. सोबत माझा बायोडेटा जोडला आहे.' यात वाचणाऱ्याने करायचं काय? रस आहे हे कळलं, पुढे? उत्तर द्यायला अर्धा तास विचार करावा लागेल असा मेल माणूस 'नंतर बघू' म्हणून ठेवतो आणि तो तिथेच राहतो.

मी एकदा पाठवलेला, उत्तर आलेला मेल जवळपास असा होता:

'नमस्कार. मी प्रथिनांच्या घडीवर काम करणारी पोस्टडॉक आहे. तुमच्या पेपरच्या चौथ्या आकृतीत प्रथिन ४२ अंशांवर तासभर विरघळलेलं राहिलेलं दिसतं. आमच्याकडे तेच प्रथिन विसाव्या मिनिटाला साका होऊन खाली बसतं. बफरमध्ये तुम्ही ग्लिसरॉल घातलं होतं का? पद्धतीच्या भागात मला उल्लेख सापडला नाही. आमचा आलेख सोबत जोडते आहे.'

सहा ओळी, एक प्रश्न, आणि 'होय' किंवा 'नाही' एवढंच उत्तर पुरेसं. आठवड्याच्या आत दोन ओळींचं उत्तर आलं: ग्लिसरॉल होतं, १० टक्के, लिहायचं राहून गेलं. पुढचा मेल मात्र बहुतेक जण पाठवत नाहीत. ग्लिसरॉल घालून प्रयोग केला, चालला, आणि नवा आलेख मी त्यांना पाठवला. ओळख झाली ती या मेलने. मदत करणाऱ्याला तिचं पुढे काय झालं हे सहसा कोणी कळवत नाही, म्हणून जो कळवतो तो लक्षात राहतो.

उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदाच आठवण करा. मग सोडून द्या. मनाला लावून घेऊ नका, मेल वाचलाच गेला नसण्याची शक्यता जास्त.

५. कॉन्फरन्स

मोठी कॉन्फरन्स पहिल्यांदा एकट्याने गाठली तर हरवायला होतं. शक्य असेल तर शंभर-दीडशे लोकांची, सगळे एकत्र जेवतात अशी बैठक निवडा आणि व्याख्यानापेक्षा पोस्टरवर भर द्या. व्याख्यान ऐकून लोक टाळ्या वाजवून जातात. पोस्टरपाशी थांबलेल्या माणसाशी दहा मिनिटं बोलणं होतं. पूर्ण गोष्ट सांगायची घाई करू नका. 'तुम्ही कशावर काम करता?' हे आधी विचारा आणि त्यांच्या कामाला लागून असलेली एकच आकृती दाखवा. माणूस गेल्यावर लगेच त्याचं नाव आणि काय बोलणं झालं ते वहीत टिपा. त्या रात्री सगळं लक्षात असतं, तिसऱ्या दिवशी चेहरे एकमेकांत मिसळतात. घरी पोहोचल्यावर एक-दोन दिवसांत त्याला मेल जावा.

सोशल मीडियाबद्दल एवढंच: प्रोफाइल अद्ययावत ठेवा, पेपर आला की साध्या भाषेत चार ओळी लिहा, आणि वाद घालायला जाऊ नका.

६. मायदेशाशी नातं कामावर उभं करा

पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम केंब्रिजमधून लाहोरला परतले, पण तिथे त्यांच्या विषयावर बोलायला कोणी नव्हतं. १९५४ मध्ये ते पुन्हा केंब्रिजला गेले. हे एकटेपण दुसऱ्यांच्या वाट्याला येऊ नये म्हणून त्यांनी १९६४ मध्ये इटलीतल्या त्रिएस्ते इथे सैद्धांतिक भौतिकशास्त्राचं आंतरराष्ट्रीय केंद्र उभं केलं. तिथल्या असोसिएट योजनेत विकसनशील देशातला शास्त्रज्ञ आपल्या देशात नोकरीत राहूनच ठरावीक वर्षांत काही वेळा येऊन काही आठवडे काम करू शकतो. देश सोडणं आणि विषय सोडणं या दोन्हींच्या मधली वाट त्यांनी काढली. आज सहा दशकांनंतर, इंटरनेट असतानाही, ती वाट कामाचीच आहे, फक्त आता ती दोन्ही बाजूंनी चालता येते.

परदेशातून मायदेशाला मदत करायची इच्छा पुष्कळांना असते. माझीही होती. एका जुन्या सहकाऱ्याला फोन करून मी उत्साहाने विचारलं, 'तुमच्या विभागासाठी मी काय करू शकते?' पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, 'मॅडम, व्याख्यानं पुष्कळ होतात. तुम्ही पाहुण्या म्हणून येता, तासभर बोलता, आम्ही फोटो काढतो. आमच्याकडे नवीन मास स्पेक्ट्रोमीटर आलाय, त्याचा डेटा कसा वाचायचा हे चार विद्यार्थ्यांना शिकवाल का?'

तेव्हा जरा टोचलं. पण दर दुसऱ्या शुक्रवारी तासभर, असं आम्ही ठरवलं. पहिल्या महिन्यात विद्यार्थी गप्प बसत. मी उत्तर दाखवायचं बंद केलं आणि त्यांच्याच फायली स्क्रीनवर उघडायला सांगितल्या, तेव्हा प्रश्न सुरू झाले. हे यंत्र रेणूंचं वस्तुमान मोजतं आणि आलेखावर शिखरं दाखवतं. एका मुलीच्या फायलीत एक शिखर दर वेळी नेमकं ठरावीक अंतराने सरकलेलं दिसे. यंत्राचं कॅलिब्रेशन चुकलंय की प्रथिनावर काही चिकटलंय, यावर आम्ही दोन शुक्रवार भांडलो. शेवटी प्रथिनाला चिकटलेलं सोडियम निघालं. पुढे त्या मुलीने माझ्याही एका प्रयोगाचा डेटा तपासून दिला आणि त्यात माझीच चूक दाखवली. त्या दिवसापासून आमचं बोलणं बरोबरीने होऊ लागलं.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझा आग्रह असतो की काम लहान निवडा, ठरलेल्या वारी करा आणि समोरच्याने मागितलेलं करा. विद्यार्थ्याचा सहगाइड होणं, एका पेपरचा मसुदा वाचून देणं, इथे सहज होणारं एखादं मोजमाप करून देणं, यातलं काहीही चालेल. 'संयुक्त केंद्र उभारू' अशा गोष्टींनी सुरुवात केलीत तर बैठका होतात, काम होत नाही.

मायदेशातले सहकारी काही वेळा हातचं राखून बोलतात. त्याला कारण असतं. बाहेरच्या लॅबने नमुने न्यायचे, पेपर छापायचा आणि स्थानिक लोकांचं नाव आभारांत टाकायचं, हा अनुभव अनेकांनी घेतलेला असतो. तुम्ही त्याच मातीतले आहात म्हणून तुमच्यावर आपोआप विश्वास बसेल असं धरू नका. पहिल्याच बैठकीत लेखकत्वाचा विषय काढा. संशोधनातल्या योगदानाचे १४ प्रकार नोंदवणारी क्रेडिट नावाची पद्धत बरीच जर्नलं वापरतात. तो तक्ता समोर ठेवून कोण काय करणार ते लिहून काढा. शेवटी भांडण्यापेक्षा सुरुवातीला ओशाळं होणं परवडतं.

७. कागदपत्रं: दुर्लक्ष करू नका

जैविक नमुना खिशात घालून विमानात बसायचा काळ गेला. नागोया करार १२ ऑक्टोबर २०१४ पासून लागू आहे आणि ज्या देशातून जैविक साधन घेता त्या देशाची परवानगी व लाभातला वाटा यांचे नियम त्यातून आले. भारताच्या २००२ च्या जैवविविधता कायद्यात तर अनिवासी भारतीय नागरिकालाही संशोधनासाठी जैविक साधन घ्यायचं तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. पासपोर्ट भारतीय असला की झालं, असं समजणारे इथे फसतात. नमुना जाण्याआधी दोन्ही संस्थांमध्ये साहित्य हस्तांतराचा करार करा आणि माणसांशी संबंधित डेटा असेल तर दोन्हीकडच्या नीतिमत्ता समित्यांना कळवा. वेळ लागतो, म्हणून प्रयोग ठरण्याआधीच अर्ज टाका.

दुसरी गोष्ट, लपवू नका. मायदेशातल्या संस्थेत मानद पद, छोटा निधी, विनावेतन मार्गदर्शन, काहीही असो, सध्याच्या संस्थेला लेखी सांगा. अमेरिकेत केंद्रीय निधी घेणाऱ्यांना परदेशातली पदं आणि मिळणारी मदत, ती पैशांत नसली तरी, जाहीर करावी लागते. २०१८ मध्ये तिथल्या न्याय विभागाने चीनसाठी होणाऱ्या हेरगिरी आणि गुपितांच्या चोरीविरुद्ध 'चायना इनिशिएटिव्ह' मोहीम सुरू केली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ती बंद केली. त्यातल्या अनेक खटल्यांत मुद्दा गुपितं चोरण्याचा नव्हताच, परदेशी संबंध अर्जात न लिहिल्याचा होता. काही निर्दोष ठरले, पण तोवर वर्षं गेली. एक मेल लिहून 'हे चालेल ना?' विचारणं आणि आलेलं उत्तर जपून ठेवणं, याला पाच मिनिटं लागतात.

व्हिसाच्या अटीही आधी वाचा. अमेरिकेच्या जे-१ (देवाणघेवाण कार्यक्रमांच्या) व्हिसावर आलेल्या काहींना पुढचे काही व्हिसे किंवा कायमचा निवास मिळण्याआधी दोन वर्षं मायदेशात काढावी लागतात. युरोपियन युनियनच्या मेरी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपला उलटी अट आहे: अर्जाच्या अंतिम तारखेआधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. आधी जाऊन, ओळखी करून, मग अर्ज करू असा बेत असेल तर तो या अटीवर आपटू शकतो.

८. परतायचं मनात असेल तर

परतायचं ठरलं नसेल तरी दर वर्षीच्या सुट्टीतला एक दिवस एखाद्या संस्थेसाठी काढा. दोन महिने आधी विचारा: 'मी अमक्या तारखेला असेन, सेमिनार द्यायला आवडेल.' सेमिनारनंतर विद्यार्थ्यांसोबत बसा, आणि तिथे रसायनं यायला किती आठवडे लागतात, फ्रीझर बंद पडला तर काय करतात, पहिला ग्रँट मिळायला किती वेळ लागला, हे त्यांना विचारा. संचालकाच्या खोलीत ही माहिती मिळत नाही.

योजना बऱ्याच आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने १९७७ मध्ये 'टोकटेन' सुरू केली. परदेशस्थ तज्ज्ञाने थोड्या काळासाठी मायदेशी जाऊन काम करायचं, अशी ती कल्पना, आणि पहिला देश होता तुर्कस्तान. भारताने २०१७ मध्ये आणलेल्या 'वज्र' योजनेत परदेशातल्या शास्त्रज्ञाला वर्षातून एक ते तीन महिने भारतीय संस्थेत काम करता येई. कायम परतणाऱ्यांसाठी रामलिंगस्वामी आणि रामानुजन या फेलोशिपा आहेत. जर्मनीत असाल तर हम्बोल्ट फाउंडेशन आपल्या फेलोंना परतल्यावरही सोडत नाही. पुन्हा येऊन राहायला मदत करतं. योजनांचे नियम वारंवार बदलतात, म्हणून मित्राने सांगितलेल्या अटींवर न जाता त्या वर्षीची जाहिरात वाचा. वयाची अट आणि पीएचडीनंतरच्या वर्षांची अट आधी बघा, अर्ज तिथेच जास्त बाद होतात.

यातल्या बऱ्याच अर्जांना यजमान संस्थेचं पत्र लागतं. अंतिम तारखेच्या तीन आठवडे आधी अनोळखी विभागप्रमुखाला ते मागाल तर मिळेलही, पण चार ओळींचं, कोणालाही लागू पडेल असं. शुक्रवारच्या तासांमुळे मला मिळालेलं पत्र दीड पानांचं होतं. त्यात त्या सोडियमच्या शिखराचाही उल्लेख होता.